घोकलेली काळजी

“पाठांतर उत्तम झालंय. आता खरं काय ते सांगा.”

साहेब एवढंच म्हणाले. मराठीत. अख्ख्या बैठकीत त्यांच्या तोंडून आलेलं तेवढंच मराठी. पंधरा जण हसले.

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत दर सोमवारी सगळे गोल करून बसायचे. मनावर कसलं ओझं आहे ते प्रत्येकाने दोन मिनिटांत इंग्रजीत सांगायचं, असा नियम. कुणाला मॅरेथॉनची धास्ती, कुणाचं मांजर जेवत नाही. सगळ्यांना टाळ्या.

माझी आई यवतमाळकडे, गावी. दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा मावशी तिला एसटीने डायलिसिसला न्यायची. मावशीचेच गुडघे गेलेले. मला महिनाभर गावाहून काम करायची परवानगी हवी होती. साहेब म्हणाले होते, सोमवारी बोला, सगळ्यांसमोर.

मी मराठी शाळेतली. इंग्रजीत काळजी कशी करतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मोबाईलवर एक बाई शिकवायची, चिंता सहज कशी बोलून दाखवावी ते. धायरीहून हिंजवडीपर्यंत बसमध्ये दोन आठवडे मी तेच घोकलं. कुठे थांबायचं, कुठे उसासा टाकायचा, तेसुद्धा. ‘आय कान्ट हेल्प वरीइंग अबाउट माय मदर.’ एकदाही अडखळले नाही. तिथेच फसले. एवढं सफाईदार बोलणारीची आई खरंच आजारी असेल, असं कुणाला वाटलंच नाही.

मग खरं सांगायला गेले तर इंग्रजीच सुचेना. “मदर... ब्लड... मशीन...” साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, “नेक्स्ट.”

मी सॉरी म्हणाले. कशाबद्दल? आजही स्वतःची चीड येते.

संध्याकाळी आईचा फोन. “तू नोको येऊ वं. तुई नोकरी जाईन.” मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तरी तिला सगळं कळलेलं. फोन ठेवून मी रडले, आणि रडता रडता संतापले.

पुढच्या सोमवारी माझी पाळी आली. उभी राहिले.

“माझी आई फार दिवस जगणार नाही. मला तिच्याजवळ जायचंय. मला भीती वाटते.”

“इंग्लिश, प्लीज.”

“नाही. तुम्हाला मराठी येतं. मागच्या सोमवारी मला हसलात ते मराठीतच.”

कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूने बोललंही नाही. त्यातले निम्मे घरी आईशी मराठीतच बोलणारे. सगळ्यांच्या माना खाली. दुपारी मेल आला. वर्तन अयोग्य, लेखी माफी मागा, मग परवानगीचं बघू.

चार ओळी लिहिल्या असत्या तर कदाचित महिना मिळाला असता. मी राजीनामा लिहिला.

आता गावी आहे. आई बरी होणार नाही, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. हातात काम नाही. पोटासाठी पुण्याला परतावं लागेल, आणि पुढच्या कंपनीतही कुठला तरी सोमवार असेलच. तिथे इंग्रजीत काम करीन, चोख करीन. पण माझं दुःख कुणाच्या पसंतीला उतरावं म्हणून घोटून गुळगुळीत करणार नाही. ऐकायचं त्याने ते आहे तसं ऐकावं. माफी मी मागणार नाही.