पाडव्याचं कुलूप आणि १०६९

दिंडोरी रोडवरच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये माझा प्रोग्राम दोन सीझन बिनबोभाट चालला होता. द्राक्षांच्या थंड खोल्यांचं तापमान दर पाच मिनिटांनी नोंदवायचं, एवढंच काम. खरं काम करायची ती मागे चालणारी सर्व्हिस. तिला ना खिडकी, ना बटण. कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप उठायची आणि गपगुमान नोंदी ओढत बसायची. माझा प्रोग्राम फक्त तिला सुरू करायचा, थांबवायचा आणि तिची खबर दाखवायचा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नाशकात स्वतःच्या जोरावर कामं घेणारी बाई म्हटलं, की लोक आधी माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघायचे.

पाडवा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी अकराला मालकांचा फोन आला. सगळे त्यांना भाऊ म्हणत.

"ताई, तुमचं यंत्र बसलं. आठला लाईट गेली, परत आली, तवापासून नोंदच नाय. चारला कंटेनर निघायचाय!"

एसटीने पोहोचेपर्यंत साडेबारा वाजले. खोल्या जनरेटरवर तगल्या होत्या, माल थंडगार होता. पण परदेशी जाणाऱ्या मालाला तापमानाची सलग नोंद लागायची, नाहीतर तपासनीस सही करणार नव्हता. खोल्यांवरच्या मीटरमध्ये आठ तासांच्याच नोंदी मावायच्या. चारच्या आत सर्व्हिस उठली तर सकाळपासूनचं सगळं ओढून घेईल, नाहीतर जुनं पुसत जाणार.

भाऊंनी टेबलावर जाडजूड रजिस्टर काढूनच ठेवलं होतं. "आज कंटेनर अडला ना ताई, तर उद्यापासून हे. तुमचा डबा घेऊन जा."

शेजारी गावातला एक कॉम्प्युटरवाला हाताची घडी घालून उभा. "व्हायरस आहे. फॉरमॅट मारू."

"हात तर लावून बघा!" मी अशी कडाडले की बिचारा दोन पावलं मागे सरला.

सुरू करायचं बटण दाबलं. माझाच संदेश आला: 'सर्व्हिस सुरू झाली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' भाऊंनी तो प्रयत्न सकाळपासून चाळीस वेळा केला होता. मीही पाच-सात वेळा केला. दोन वर्षांची मेहनत त्या रजिस्टरखाली चिरडली जाणार असं वाटायला लागलं.

दारात कॉम्प्रेसर सांभाळणारे मामा उभे होते. शिक्षण सातवी. पण मशीनच्या पाटीवर आकडा चमकला की ते भिंतीवरच्या फळ्याकडे बोट करायचे. तिथं खडूने लिहिलेलं असायचं: चार म्हणजे पाणी कमी, सात म्हणजे पट्टा सैल.

"ताई, तुमचं मशीन आकडा नाय का दाखवत?"

अरे देवा! दाखवत होतं की. सर्व्हिस उठली नाही की विंडोज प्रत्येक वेळी मला कारणाचा आकडा देत होतं, आणि मीच शहाणपणा करून तो टाकून देत होते. लोकांना आकडे कळत नाहीत म्हणून त्याऐवजी गोडगोड मराठी वाक्य दाखवत होते. स्वतःच्याच श्रीमुखात द्यावीशी वाटली.

प्रोग्राम त्याच मशीनवर उघडला, चार ओळी घातल्या, बटण दाबलं. १०६९. पाच, १०५३, १०५८ मला तोंडपाठ होते; हा पाहुणा नवा. कमांडच्या काळ्या खिडकीत आकड्याचा अर्थ विचारला. उत्तर आलं: लॉगिन जमलं नाही, म्हणून सर्व्हिस सुरू झाली नाही.

ती सर्व्हिस मी भाऊंच्याच लॉगिनवर, त्यांचा पासवर्ड देऊन बसवली होती. मी सावकाश वळले. "भाऊ, पासवर्ड बदललात?"

भाऊंनी टोपी मागे सरकवली. "पाडव्याला आपण गोदामाची सगळी कुलपं बदलतो ना. यंदा म्हटलं, कॉम्प्युटरचं पण बदलू. चांगला मुहूर्त हाय."

"आणि किल्ली कोणाकोणाला दिलीत?"

"पण दोन दिवस तर चाललं की!"

"ती आतच होती, भाऊ. लाईट गेली तेव्हा बाहेर पडली. परत आली तर दाराला नवं कुलूप!"

मामा खो खो हसले. भाऊंनी नवा पासवर्ड कागदावर लिहून दिला, मी सर्व्हिसला तो दिला आणि बटण दाबलं. शून्य. म्हणजे सगळं ठीक! पुढच्याच क्षणी पडद्यावर आठ पाच, आठ दहा, आठ पंधरा अशा नोंदी भराभरा उतरू लागल्या. एकही सुटली नव्हती. मी खुर्चीतून उठून चक्क टाळ्या वाजवल्या. लाज वगैरे काही वाटली नाही.

चारच्या आधी सही झाली, कंटेनर निघाला. भाऊंनी रजिस्टर स्वतः उचलून कपाटात टाकलं. कॉम्प्युटरवाला कधी सटकला ते कळलंसुद्धा नाही.

निघताना कॉम्प्रेसरच्या खोलीत डोकावले. फळ्यावर पट्टा सैलच्या खाली मामा जाड अक्षरात नवी ओळ लिहीत होते: १०६९ म्हणजे मालकाला विचारा.