बनाबाईच्या पाटीतली अफू

वरवे बुद्रुकच्या बनाबाईला मूलबाळ नव्हतं, नवराही लवकर गेला. जीव लावायला एकच माणूस उरला होता, गुंजवणे गावात राहणारा तिचा धाकटा भाऊ कोंडिबा. १९३४च्या पौषात त्याची बायको ठकुबाई बाळंत झाली, तेव्हा बनाबाई महिनाभर तिची शेकशेगडी करायला जाऊन राहिली.

परतताना कोंडिबा सोबत आला. वाटेतल्या तपासणी नाक्याच्या अलीकडे त्याने तिच्या तांदळाच्या पाटीत एक पुरचुंडी ठेवली.

"बिब्बे हायेत, आक्का. फुडं एकाला द्यायचेत. तू हो फुडं, म्या तंबाकू घिऊन आलोच."

नाक्यावर बायकांची रांग होती. शिपायाने थेट तिचीच पाटी उतरवली. पुरचुंडीत अफू निघाली. बिनपरवाना अफू बाळगली की तुरुंग, एवढं तिलाही ठाऊक होतं.

"भावानं दिलीया. त्यो मागनं येतोय," ती सांगत राहिली. मागे रस्ता रिकामा होता.

कोर्टात कोंडिबाला साक्षीला बोलावलं. खाली मान घालून तो म्हणाला, "भन हाय, पर तिचं-माझं जाणंयेणं न्हाई."

बनाबाईला वाटलं, घाबरलाय. लेकुरवाळा माणूस. कोर्टात तिने पुन्हा त्याचं नाव घेतलं नाही. तीन महिने सक्तमजुरी झाली. येरवड्यात जात्यावर बसल्या बसल्या ती इतर बायकांना सांगायची, भाऊ न्यायला येईल.

सुटली त्या दिवशी तुरुंगाबाहेर ठकुबाई एकटीच उभी होती, कडेवर पोर घेऊन. नणंदेला बघताच तिला रडू फुटलं.

"वन्सं, खबर ह्यांनीच दिली हुती. समदे शिपाई तुमच्याभवती गोळा झाले, तवर ह्यांच्या दोस्ताची, मानसिंगाची गाडी नाका पार झाली. पेंढ्याखाली लई अफू हुती."

बनाबाई घरी न जाता गुंजवण्याला गेली. कोंडिबा शेतात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून राब भाजत होता.

"खरं हाय का?"

"तीन महिन्यांचाच परश्न हुता, आक्का," तो म्हणाला. "मला चार पोरं हायेत. तुझ्यामागं कोण रडणार हुतं?"

ती धुरातून आल्या वाटेनं परतली. शेजारच्या चिमाजीला घेऊन चौकीवर गेली, सगळं सांगितलं. शिपायांनी जबाब लिहून घेतला. पुढे काही झालं नाही. सजा भोगलेल्या बाईचा जबाब कोण खरा धरणार?

भाऊबीजेला कोंडिबा लुगडं घेऊन आला, हाका मारत राहिला. बनाबाईने आतून कडी घातली, आणि तो निघून जाईपर्यंत कडीवरचा हात काढला नाही.