सातवा

समोरचा झेरॉक्सवाला कुणाशी वाद घालत नाही. काहीही सांगा, मान डोलावून "हाव, बरोबर हाय" म्हणतो. लातुरातली ट्यूशनची पोरं नोट्ससाठी रांगेत उभी असली, तरी आतून आईची हाक आली की तो मशीन बंद करतो.

"बाहेर निघा रे, जमीन हलून राहिली!"

तिला आता नातवंडांची नावं आठवत नाहीत. भूकंप तेवढा आठवतो. तो तिला समजावत बसत नाही. "हाव माय, निघालो," म्हणत बायकोपोरांसह रस्त्यावर येतो. म्हातारी बोटाने माणसं मोजते. सात भरल्याशिवाय घरात जात नाही, आणि सातवा, त्याचा थोरला भाऊ, भूकंपातच गेलेला.

एकदा ती रडून रडून थांबेना, तेव्हा त्याने मला हाक मारली. "सर, या की जरा. एक कमी पडून राहिलाय."

तेव्हापासून मी जातो. बायको गेल्यापासून घरी मी एकटाच असतो. काल वाचनात उशीर झाला, तर म्हातारीने माझा कान धरला.

"कुठं होतास रे मुडद्या? जेवलास का?"

"न्हाई, माय," मी खरं ते सांगितलं.

"मग चल आत."

मी झेरॉक्सवाल्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"हाव, बरोबर हाय."