आमच्या खोलीपुढची दोन अक्षरं

त्या म्हाताऱ्याला मी खुर्चीवरून खाली ओढलं आणि ओढताना मला भयंकर मजा आली, हे आधीच सांगून टाकते. उगाच नंतर कुणाला वाटायला नको की मी लोकशाहीसाठी वगैरे घराबाहेर पडले. मला त्यांची जिरवायची होती. बाकीचं सगळं ओघात झालं.

टोकियोच्या ओजिमा भागातली आमची इमारत चौदा मजली, सरकारी. निम्म्या घरांत एकटेदुकटे म्हातारे, उरलेल्यांत चिनी कुटुंबं आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले भारतीय. नवरा सकाळी खचाखच भरलेल्या ट्रेनने ऑफिसला जातो. मी वॉर्डाच्या कचेरीत अर्धवेळ दुभाषी आहे. परदेशी माणसं फॉर्म घेऊन खिडकीशी येतात, मी त्यांना वाचून दाखवते. मुलगी दुसरीत. शाळेत तिची कुणाशी फारशी गट्टी नव्हती, पण इमारतीमागच्या वाळूच्या खड्ड्यात तिच्या चार मैत्रिणी होत्या. शाळा सुटली की दप्तर फेकून ती तिकडेच पळायची.

एका शनिवारी सकाळी खड्ड्याभोवती नारिंगी जाळी लागलेली. वर कागद: इथे सिमेंट टाकून सायकली लावायची जागा होणार. पोरगी बादली घेऊन जाळीपाशी उभी होती. रडलीसुद्धा नाही. "शोऽगा नाइ," म्हणाली. म्हणजे, आता काय इलाज! सात वर्षांच्या पोरीच्या तोंडी हे शब्द ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तरातरा शेजारच्या आजींकडे गेले. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. "पण पाटी तर फिरली होती की," म्हणाल्या.

पाटी म्हणजे इथली फिरती सूचना. रहिवाशांच्या संघटनेचे कागद एका पाटीला लावतात आणि ती दारोदार फिरते. प्रत्येकाने वाचायचं, आपल्या खोलीच्या आकड्यापुढे शिक्का मारून तारीख घालायची आणि पुढच्या दाराच्या मुठीला अडकवायची. अशी पाटी आमच्याकडे एकदाच, पहिल्या वर्षी आलेली आठवत होती. आम्ही दिवाळीला पुण्याला निघालो होतो, टॅक्सी खाली उभी. मला तेव्हा जपानी वाचता येत नव्हतं. असेल काही जाहिरात, म्हणून ती चपलांच्या कपाटावर टाकली, परत आल्यावर शेजारी अडकवून दिली. त्यानंतर काही आलं नाही आणि आम्ही खूश! पुण्यातल्या सोसायटीत मीटिंगचा माणूस आला की आमचे बाबा टीव्हीचा आवाज बंद करून गप्प बसायचे. इथे तर आपोआपच सुटका झाली होती.

आजींनी पाटी आणून दाखवली. सगळ्या खोल्यांपुढे लाल शिक्के. आमच्या खोलीपुढे निळ्या शाईने, सुबक अक्षरात, दोन अक्षरं: 'फुयो'. नको आहे. गरज नाही. टाकून द्यायच्या जुन्या गादीवर लोक चिकटवतात ना, तीच अक्षरं.

"हे कुणी लिहिलं?"

"अध्यक्षांनी," आजी म्हणाल्या. त्या आणखी काही सांगू पाहत होत्या. मी ऐकायला थांबलेच नाही.

अध्यक्ष म्हणजे बदामी जाकिटातले, कमरेला चाव्यांचा जुडगा लावणारे आजोबा. रोज लिफ्टमध्ये मला वाकून नमस्कार करायचे. मीही वाकायचे, मूर्खासारखी! चार वर्षं हा माणूस समोर गोड हसत होता आणि मागे आम्हाला गादीच्या पंगतीला बसवत होता.

"जाऊ दे ना गं," नवरा म्हणाला. "आपण काय कायमचे आहोत इथे?"

"तू जाऊ दे. मी नाही जाऊ देणार."

वर्षाची मोठी सभा महिन्यावर आली होती. तिथे काय चालतं ते मी नियमांच्या पुस्तिकेतून पाठ केलं. सभेला कुणी येत नाही. सगळे एक चिठ्ठी पाठवतात, की माझं मत मी अमक्याला देतो. 'अमक्या'ची ओळ लोक कोरी सोडतात आणि कोरी चिठ्ठी आपोआप अध्यक्षांची होते. म्हणजे गेली कित्येक वर्षं इमारत चालवत होता तो कोऱ्या कागदांचा गठ्ठा. माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं.

मी दारोदार निघाले. पहिल्या चार घरी भांडण सांगितलं, चारी दारं हळूच मिटली. भांडणासाठी कुणी चिठ्ठी देत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलं. मग मी डाव बदलला. रंगीत पेनं घेतली आणि म्हटलं, चिठ्ठीच्या कोऱ्या ओळीत माझं नाव घाला आणि मागे काढा, त्या जागेत तुम्हाला काय हवंय? माझ्या मनात सूड, आणि लोक मन लावून चित्रं काढतायत! चिनी काकूंनी पत्ते खेळायला टेबल काढलं. आमच्या भारतीय मंडळींनी आधी "आपल्याला काय करायचंय" म्हणून नाकं मुरडली, मग क्रिकेटची पिच काढली, ती वाळूवर कशी होणार देव जाणे. एका आजोबांनी नुसता एक बाक काढला. त्यावर दोन माणसं. पोरांनी तर काय, धबधबेच काढले. चौथ्या दिवसापासून लोक मला जिन्यात थांबवून विचारायला लागले, आमच्याकडे कधी येणार?

नवव्या मजल्यावरच्या आजींनी उन्हाळ्यात पितरांसाठी करतात तो बोन नाच काढला, कंदील लावलेला. गुडघ्यांमुळे त्या महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत. म्हणाल्या, "पूर्वी त्या वाळूभोवतीच नाचायचो. माझी मैत्रीण शिकवायची. ती गेली ते मला तीन आठवड्यांनी कळलं हो. शेवटचं बघायलाही मिळालं नाही." आणि आणखी एक कंदील काढायला लागल्या.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या आधी मनात आलं, सापडलं! हे सभेत वापरायचं.

सभा रविवारी, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. घडीच्या खुर्च्या, बाटलीतला गार चहा. अध्यक्षांनी रबर लावलेला आपला गठ्ठा टेबलावर ठेवला. मी माझा ठेवला. माझा जाड होता. हॉलमध्ये कुणीतरी "ओऽ" केलं. मग मी आणि दोन चिनी बायकांनी चिठ्ठ्या चित्रांची बाजू वर करून भिंतीवर लावल्या. माणसं खुर्च्यांवरून उठून बघायला आली. आपल्या शेजाऱ्याला काय हवंय हे ती पहिल्यांदाच बघत होती. कुणी हसत होतं, कुणी बोटाने बाक दाखवत होतं. सिमेंटचा प्रस्ताव पडला. त्यांच्या नाकावर टिच्चून पाडला!

तिथे थांबायला हवं होतं. पण मी कुठली थांबतेय!

मी पाटी त्यांच्यापुढे धरली. "आमच्या खोलीपुढे काय लिहिलंय, मोठ्याने वाचा."

त्यांनी चष्मा लावला. "फुयो."

"कुणी लिहिलं?"

"मी."

"ही संघटना आहे की थट्टा?" माझा आवाज चढला होता. "याच इमारतीत एका आजींची मैत्रीण वारली, ते त्यांना तीन आठवड्यांनी कळलं! हा तुमचा कारभार!"

हॉलमधल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, काय घाव बसला! अध्यक्ष उठून उभे राहिले. मग कमरेत वाकले. "चूक माझी आहे," म्हणाले, आणि चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा अध्यक्ष म्हणून मलाच निवडलं. घरी येऊन मी शिरा केला. तूप सढळ हाताने घातलं.

दोन दिवसांनी ते जुन्या फायलींची खोकी आमच्या दाराशी ठेवून गेले. फिरून आलेली प्रत्येक सूचना, शिक्क्यांसकट, त्यांनी जपून ठेवली होती. मी लगेच उपसायला बसले. त्यांच्याविरुद्ध आणखी काही मिळतंय का ते बघायचं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या फायलीत काळ्या चौकटीचा कागद निघाला. अध्यक्षांच्या पत्नीचं निधन. अंत्यविधी परवा, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, सर्वांनी यावं. खाली शिक्के. आमच्या मजल्यापर्यंत सगळ्या तारखा त्याच दिवसाच्या. आमची चौकट रिकामी. आमच्यानंतरच्या सगळ्या तारखा तीन आठवड्यांनंतरच्या. नवव्या मजल्यावरचा शिक्का जरा वाकडा उमटला होता.

मी मान वर केली. समोर चपलांचं कपाट होतं.

संध्याकाळी तो कागद घेऊन त्यांचं दार वाजवलं. आत छोट्या देव्हाऱ्यात एका हसऱ्या बाईंचा फोटो दिसत होता. मी एरवी कचेरीत तासन्‌तास दुसऱ्यांसाठी बोलते. तिथे मला एक वाक्य धड जुळवता येईना. "पाटी आमच्या घरात होती," म्हटलं. "कुलूप लावून आम्ही भारतात गेलो होतो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पाटीसाठी मी रोज येऊन तुमची बेल वाजवत होतो. ती दोन अक्षरं माझा राग होता. ते लिहायला नको होतं."

"मग परवा सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीत?"

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी केली.

"मी म्हातारा आहे," ते म्हणाले. "तुम्हाला अजून या लोकांत राहायचं आहे. मुलीलाही."

खालून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. जाळी त्याच दिवशी सकाळी निघाली होती.