उर्शाहून आठ पाहुणे

चहा ओता आधी. हा किस्सा कोरड्या घशानं सांगण्यासारखा नाही. आजवर मी पुष्कळ माती खाल्लीय, पण अशी बारा वर्षं मुरवून कधी खाल्ली नव्हती!

माझा धंदा तुम्हाला माहीतच आहे. लोकांच्या वेबसाइट तपासतो. आमच्या गावी, उर्शाला, घरीच बसून. माझं एक यंत्र आहे, म्हणजे प्रोग्रॅम हो, त्याला क्रॉलर म्हणतात. ते साइटचं पान न् पान उघडतं आणि सांगतं, की गूगलला यातलं काय दिसेल आणि काय नाही.

आता यात एक गोम आहे. आजकालच्या पुष्कळ साइट आधी कोऱ्याच येतात. मागाहून स्क्रिप्ट, म्हणजे साइटचाच एक छोटा प्रोग्रॅम, पळते आणि मजकूर, फोटो, सगळं पानावर मांडते. तेवढा वेळ थांबावं लागतं. त्यासाठी यंत्रात दोन गोष्टी आहेत. स्क्रिप्ट चालू करायला खूण करायची ती चौकट आणि किती सेकंद थांबायचं तो आकडा. चौकट विसरलात, की यंत्र कोरं पान बघून पुढं पळतं. शिकाऊ पोरंसुद्धा विसरत नाहीत.

मी विसरलो. का? ऐका ना.

ऑफिसातून नवं काम आलं. लोणावळ्याजवळच्या कुसगावचं घरगुती गेस्ट हाउस, चार खोल्या. तक्रार अशी, की शोधलं तर सापडत नाही, सगळे पर्यटक भुशी धरणाकडच्या मोठ्या हॉटेलांत जातात. मालकाच्या रकान्यात नाव होतं, वंदना. आणि आडनाव तेच! बारा वर्षांनीही तेच! आलं ना लक्षात?

बारावीला मी लोणावळ्यात मामाकडे होतो. वंदना माझ्या वर्गात. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी संध्याकाळी सायकल मारत कुसगावला गेलो. ती गिरणीतून दळणाचा डबा घेऊन येत होती. तिच्या दारातच गाठली आणि एका दमात म्हणालो, "वंदना, तू मला आवडतेस. तुझं काय?"

ती म्हणाली, "थांब."

झालं. थांब म्हणजे बास, पुढे बोलू नकोस. मी सायकल फिरवली ती थेट मामाच्या दारात. त्यानंतर बारा वर्षं लोणावळ्याला कामं काढून जायचो, कुसगावच्या फाट्यावर गाडी हळू करायचो, पण वळलो कधी नाही. घरच्यांनी चार स्थळं दाखवली. चारही मुली चांगल्या होत्या. पण त्यांतली कुणी दळणाचा डबा कमरेवर घेऊन आली नव्हती, त्याला मी काय करू?

तर अशा माणसाच्या हाती तिची साइट लागली. कधी एकदा तपासतो आणि छाप पाडतो असं झालेलं. त्या घाईत चौकट राहिली. यंत्रानं चाळीस पानं उघडली आणि चाळीसही पानांवर एकच ओळ सापडली, 'थांबा जरा, येतेच.'

मजकूर येईपर्यंत दिसायला म्हणून तिनंच ती ओळ घातली होती. मला कळायला नको? उलट मी जाड अक्षरांत अहवाल ठोकला : 'आत काहीही नाही. सर्व रिकामे आहे.' आणि खाली नाव-नंबर घालून दिला पाठवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. बारा वर्षांनी तिचा आवाज ऐकला आणि पहिलं वाक्य काय? "संतोष, आमचं घर रिकामं आहे म्हणे?"

"घर नाही गं, वेबसाइट..."

"आबांनी तुझा कागद वाचलाय. नाश्ता केला नाही त्यांनी. चारही खोल्या त्यांनी स्वतःच्या हातांनी रंगवल्यात."

मागून तिच्या वडिलांचा आवाज आला, "त्याला म्हनावं, हितं यिऊन बग! चार खोल्या, आठ खाटा! रिकामं हाय म्हनतोय! डोळं कुटं गेलतं त्याचं?"

फोन ठेवला आणि चौकट पाहिली. रिकामी होती. खरं रिकामं काय होतं ते तुम्हीच बोला, मला लाज वाटते.

चूक निस्तरायला हवी होती. चौकटीत खूण केली. थांबायची वेळ पाच सेकंद. आता चूक नको म्हणून सगळी साइट शंभरदा तपासायची ठरवली आणि काम लवकर व्हावं म्हणून यंत्राला एकदम आठ खिडक्या उघडायला लावल्या. घरच्या कॉम्प्युटरवर ते चालू ठेवलं, लॅपटॉप पिशवीत टाकला, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि माफी मागायला मोटरसायकलवरून निघालो. वाटेत कार्ल्याला चिक्कीचा पुडा घेतला. लोणावळ्याच्या माणसांना चिक्की! त्यावरून माझी अवस्था ओळखा.

इकडे कुसगावात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. साइटवर तिनं एक घंटी बसवली होती. कुणी पान उघडून स्क्रिप्ट पळेपर्यंत थांबलं, की गेस्ट हाउसच्या मोबाइलवर निरोप यायचा, एका खिडकीला एक पाहुणा. आणि त्या दिवशी वंदना बाजारात. मोबाइल आबांच्या खिशात.

टिंग! 'उर्से येथील ८ पाहुणे पाहत आहेत.'

एरवी ही घंटी गाव ओळखताना चुकते, उर्शाच्या माणसाला खुशाल मुंबईत नेऊन बसवते. नेमकी त्याच दिवशी तिला भूगोल यावा?

तुम्ही-आम्ही काय समजलो असतो? गिऱ्हाईक. पण तिशीतल्या मुलीच्या बापानं 'पाहुणे' आणि 'पाहत आहेत' एका ओळीत वाचलं तर तो काय समजेल? आबांनी शेजारच्या शांतामावशीला हाक मारली, "मावशे, कांदं चिर! वंदीला बगाया पाव्हणं येत्यात, उर्शाचं! आठ मानसं!"

टिंग! टिंग! दर पानाला नवा निरोप. आबा म्हणाले, "लय उतावीळ दिसतंय पाव्हणं."

मी पोचलो तेव्हा अंगणात सडा, ओसरीवर सतरंजी, आबांच्या डोक्यावर कोरी टोपी. बारा वर्षांपूर्वी मी या दारातून पळालो होतो आणि आज माझ्यासाठी सतरंजी!

"उर्शाचं का?"

"हो आबा."

"बाकीचं सात?"

मला वाटलं, ते खिडक्यांबद्दल विचारतायत. त्यांना साइटवर दिसल्या असतील. मी म्हणालो, "मागं चालूच आहेत. तासाभरात होईल."

"व्हय का? बसा, बसा. शेती किती?"

शेतीचा काय संबंध? पण साइटच्या माणसाला असं विचारत असतील बुवा. सांगितलं, दोन एकर. नोकरी सांगितली. मग आई-वडील, कुळ, मामाचं गाव. आबा खुलत गेले. शांतामावशी दाराआडून म्हणाली, "रंगानं सावळा हाय, पर शांत वाटतुया."

आणि फाटकात वंदना उभी. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या.

"वंदे, आत जा अन् साडी नेस! पाव्हणं आलंत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. चिक्कीकडे पाहिलं. मोबाइल घेऊन निरोप वाचले आणि मटकन पायरीवर बसून हसत सुटली. "आबा, अहो ही माणसं नाहीत. हे याचं यंत्र आहे!"

आबांनी टोपी काढली. "म्हंजे... कोनच येनार न्हाई?"

ते इतक्या हळू म्हणाले, की मी चिक्कीचा पुडा पाठीमागे लपवला. त्या माणसानं किती दिवस त्या एका निरोपाची वाट पाहिली असेल! मी माफी मागितली. लॅपटॉप उघडून दाखवला. चाळीस पानं, खोल्यांचे सगळे फोटो, आबांनी रंगवलेल्या भिंती. गूगलला हे न थांबता दिसेल असं करून देतो म्हणालो. आबा नुसतं "बरं" म्हणाले.

वंदना फाटकापर्यंत पोचवायला आली. मी लाज सोडून विचारलं, "त्या दिवशी थांब का म्हणालीस?"

"हातात दहा किलोंचं दळण होतं, संतोष. डबा आत ठेवून येणार होते. येऊन बघते तर तू उताराला! किती थांबलास?"

मनात हिशेब करून सांगितलं, पाच सेकंद. फार तर.

"काय सांगणार होतीस?"

"हो म्हणणार होते." तिनं हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. माझी मात्र सगळी बारा वर्षं त्या फाटकात उभी राहिली.

"आणि आता?"

"थांब जरा, येतेच."

ती आत गेली. या वेळी मी हललो नाही. ऊन सरकलं, कुत्रं येऊन हुंगून गेलं, मी उभाच. ती आली आणि मोठा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला.

"आठ पाहुण्यांचे पोहे आहेत. तुझेच पाहुणे, तूच संपव."

"आणि उत्तर?"

"लोड होतंय. डबा परत द्यायला ये, तेव्हा सांगते."

पोहे दोन दिवस खाल्ले. साइट दुरुस्त केली, आता ती शोधल्यावर सापडते. आणि डबा? अहो, डबा रिकामा परत द्यायची पद्धत आहे का आपल्यात? त्यात काय घालावं? आई लाडू म्हणते. लाडू फार घरगुती. पेढे घालावेत, तर कशाचे पेढे? आधी उत्तर तर मिळू दे! रोज डबा पुसतो आणि फळीवर ठेवतो.

असे चार महिने गेले. परवा तिचाच फोन आला.

"डबा कुठाय?"

म्हणालो, "अगं, रिकामा कसा देऊ? काय भरावं ते ठरवतोय."

ती म्हणाली, "संतोष, मागं पाच सेकंदांत पळालास. आता चार महिने जागचा हलला नाहीस. तुझ्यात मधला आकडाच नाही का रे?"