धूमकेतूच्या फेरीची पहाटेची साक्ष

सत्त्याण्णव सालच्या मार्चात जळगावच्या एका विज्ञानशिक्षकांचे विधान वर्तमानपत्रात वाचून माझा तोल सुटला. त्या दिवसांत दिसणाऱ्या धूमकेतूचा गाभा सुमारे अर्ध्या दिवसात स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, असे ते म्हणत होते. पुराव्यादाखल एक ओळही नव्हती. धुळ्याच्या न्यायालयात शिरस्तेदार म्हणून हयात घालवलेल्या माणसाला हे सोसणे अशक्य. मी संपादकांना लिहिले, 'सदर विधान निराधार असून ते मागे घेण्यात यावे. माझे चुकल्यास मी जाहीर क्षमा मागेन.' पत्र जसेच्या तसे छापून आले.

माझ्यापाशी पुरावा होता. शेजारच्या निवृत्त रेल्वे गार्डच्या दुर्बिणीतून मी सलग तीन दिवस, दिवेलागणीला, गाभ्यातून भुईचक्रासारखी फुटणारी धुळीची कमान कागदावर उतरवली होती. रोज ती किंचित पुढे सरकलेली. अर्थात, फेरी एका दिवसाहून जराशी कमी. निकाल उघड होता.

गार्ड चित्रे पाहून हसला. "नाना, रोज सांजले नरडाणाना फलाटवर तीच गाडी दिखस. म्हनीसन काय ती दिवसमा एकच फेरी करस?"

पक्षकार तारखेला हजर, एवढेच नोंदवण्याची माझी सवय. दोन तारखांच्या मध्ये तो काय करतो, हे मी कधी विचारलेच नव्हते!

"पहाटले उठीसन देखा ना," तो म्हणाला. धूमकेतू त्या आठवड्यात पहाटेही दिसत होता.

दुसऱ्या पहाटे गच्चीवर मी दुर्बिणीला डोळा लावला, गार्ड शेजारी उभा. माझे म्हणणे खरे असते, तर रात्रभरात अर्धीच फेरी होऊन कमान आता विरुद्ध बाजूला हवी होती. शेपटीवरून दिशा दोनदा पडताळून चौथे चित्र काढले. कमान जवळजवळ संध्याकाळच्याच जागी! एका रात्रीत तो गाभा सबंध फिरून आला होता, आणि ते मी, धुळ्यातल्या गच्चीवरून, स्वतः मोजले होते. मी एवढ्याने ओरडलो की खालच्या मजल्यावरचे दिवे लागले.

"हरनात ना, नाना?" गार्डने विचारले.

"कागद आणा," मी म्हणालो.

उजाडण्यापूर्वी त्या शिक्षकांना उद्देशून, छापण्यासाठी, क्षमापत्र तयार झाले. सोबत चारही चित्रे जोडली, आणि शेवटी लिहिले, 'जो पुरावा आपण द्यावयास हवा होता, तो आपल्या वतीने मी सादर करीत आहे.'