चौदा विमानांची नोंद

मुकादमाची पहार भिंतीला लागणार, तोच मल्लप्पा मध्ये येऊन उभा राहिला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसता भिंतीला पाठ टेकून उभा.

"भाऊसाहेब, ही न्हाय पाडायची."

मी बांधकाम खात्यात स्टोअरकीपर. बाहत्तरच्या दुष्काळातली रस्त्याची कामं तेव्हा चालू होती आणि त्यांना दगड हवा होता. सोलापूरबाहेरच्या जुन्या धावपट्टीलगत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या तीन खोल्या पडून होत्या. त्या पाडून दगड रस्त्याला द्या, असा हुकूम आला. पाडण्याआधी तिथल्या वस्तूंची यादी करणं माझं काम. ती मी केली होती. पत्रे, तुळया, बिजागऱ्या, खिडक्यांचे गज. भिंतींवर काय आहे ते आम्ही लिहीत नाही. भिंत म्हणजे दगड, आणि दगड ब्रासच्या मापाने मोजतात.

मल्लप्पा तिथला चौकीदार, मूळचा मैंदर्गीचा. घरात कानडी, आमच्याशी मराठी.

"आहे काय तिच्यावर एवढं?" मी विचारलं.

"यादी करताना तुमी नुसतं वर पत्र्याकडं बघत होता की. भिंत कवा बघितली?"

मुकादम हसला. खरंच होतं ते. मी त्याला आधी पलीकडच्या दोन खोल्या घ्यायला सांगितलं आणि आत गेलो.

पत्रे उतरवले होते, त्यामुळे वर सगळं आभाळ. समोरच्या भिंतीवर चौदा काळी विमानं होती. जमिनीवरून वर बघताना दिसतील तशी, पोट आणि पसरलेले पंख. खालची इंग्रजी नावं ओलीने गेली होती. आकार मात्र शाबूत. बाहेर पट्टीवर मेंढरं चरत होती. उन्हाच्या झळांनी सगळी पट्टी पाण्यासारखी हलत होती आणि ते हलणं भिंतीवर उतरल्यासारखं वाटत होतं. मी बराच वेळ उभा राहिलो. हातातली यादी कधी खाली गेली, कळलं नाही.

"युद्धात मी हितं खडी टाकायला होतो," मल्लप्पा म्हणाला. "एक सायेब होता, विमान चालवायचा. आमाला वाचाया येत न्हवतं, म्हणून त्यानं चित्रं काढली. काठी लावून शिकवायचा. वर आवाज आला की बघून सांगायचं, आपलं का परकं."

"नावं काय होती त्यांची?"

"विंग्रजी नावं कुणाला येतात? आमी आमची ठिवली. हा टोळ. हा बगळा, लई उंच जायचा. हा जोडशेपट्या. ह्यो हद्दु, म्हंजे घार. ह्यो त्या सायबाचा."

"तो कुठे असतो आता?"

"एक दिशी सकाळी हद्दु घेऊन गेला. मी मागं खडी सारखी करून ठिवली. आला न्हाय."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिशी पुन्हा सारखी केली."

त्या वैमानिकाचं या धावपट्टीवर दुसरं काहीही उरलेलं नव्हतं. मी सायकल काढली आणि ऑफिस गाठलं.

आमचे डेप्युटी इंजिनिअर कामाचे, पण घाईचे. "चित्रं? कुठल्या नियमाखाली ठेवू?"

"पुरातत्त्वाला कळवू का, सर?"

"ते बाराव्या शतकाच्या अलीकडे उतरत नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत जागा मोकळी पाहिजे."

मी माझ्या खुर्चीवर येऊन बसलो. शेजारी तीन पायांचं एक स्टूल भिंतीला टेकून ठेवलेलं असतं. मी नोकरीला लागलो तेव्हाही ते तीनच पायांचं होतं. ते टाकता येत नाही, कारण ते जडवस्तू नोंदवहीत आहे. ही नोंदवही म्हणजे ऑफिसच्या टिकाऊ वस्तूंची यादी. एकदा वस्तूला नंबर पडला की ती मोडायला वरच्या साहेबाने 'निकामी' असं लिहून सही करावी लागते. ती सही कोणी सहसा करत नाही.

मी नोंदवही काढली आणि परत साहेबांकडे गेलो.

"सर, एक नोंद राहून गेली होती. शिक्षणाचा फलक, भिंतीत कायम बसवलेला. एक नग."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "भिंत जडवस्तूत घेता?"

"भिंत नाही, सर. फलक. भिंत त्याला आधार आहे."

"वर्णन लागेल. आणि दरवर्षीची पडताळणी तुम्हीच करायची. मला त्या उन्हात बोलावू नका."

"करीन."

वर्णनासाठी दुसऱ्या दिवशी सकाळीच पट्टीवर गेलो. मल्लप्पा काठी लावून एकेक नाव सांगत गेला, मी लिहीत गेलो. टोळ एक, बगळे दोन, जोडशेपट्या एक, हद्दु तीन, अशी करत एकूण चौदा. मग कोपऱ्यात रंगाने नंबर घातला. मुकादमाने तो वाचला आणि पहार खांद्यावर टाकून बाकीच्या भिंतींकडे वळला.

संध्याकाळपर्यंत तिन्ही खोल्या गेल्या. माळावर एकच भिंत उरली, तिच्यासमोर लांबच लांब पट्टी आणि रिकामं आभाळ.

दर मार्चमध्ये मी पडताळणीला जातो. काम दहा मिनिटांचं, पण अर्धा दिवस जातो. गेल्या वर्षी नवे साहेब आले. नोंदवही चाळताना थांबले. "आपलं खातं विमानं कधीपासून घ्यायला लागलं?" निकामी लिहायच्या तयारीनेच ते माझ्याबरोबर आले. मल्लप्पा आता नोकरीत नाही, तरी तिथेच बसतो. त्याने उठून काठी लावली आणि चौदा नावं सांगितली. साहेब ऐकत राहिले, मग नकळत मान वर करून आभाळाकडे बघू लागले. परत येताना त्यांनी फक्त पडताळणीची सही केली.

मल्लप्पाने ती भिंत तीस वर्षं पाठ करून सांभाळली. खातं ती नंबर घालून आणि विसरून सांभाळतंय. दोन्ही पद्धती चालतात. पण पाठ असलेला माणूस कधीतरी जाणार, म्हणून नंबर वेळेवर घालावा.